मागं की मागावर?

आमच्या गावात नवा पाहुणा आला की पहिल्या दिवशी त्याची एकच समजूत होते: इथे घरोघरी भांडणं चालू आहेत. "चहा घेणार का?" हे विचारतानासुद्धा बाई असा आवाज लावते की पाहुणा पिशवी आवरायला लागतो. भांडण वगैरे काही नसतं. गाव गिरणीचं आहे, इतकंच. नदीच्या वळणावर गिरणी, गिरणीच्या भिंतीला पाठ लावून कामगारांची बैठी घरं. नदीचं पाणी पाहून आज रंगखात्यात कुठला रंग चाललाय ते सांगावं, आणि माणसाचा आवाज ऐकून त्याने मागावर किती उमर काढली ते सांगावं. जितका कान अधू, तितका गळा मोठा.

पण ओरडणं हा काही गावाचा खरा रोग नाही. खरा रोग आहे मान डोलावण्याचा.

विणाई खात्यात सगळे माग एकदम धडधडतात तेव्हा शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. वाचता आले तर उत्तम. नाही आले तर मान डोलवायची! आता यातला जमाखर्च मांडून पाहा. "काय म्हणालात?" असं विचारलं तर आपला कान गेला हे चारचौघांत उघडं पडतं. मान डोलावली की काम भागतं आणि समोरचाही खूश. खर्च काही नाही, जमाच जमा. असा फायद्याचा व्यवहार कोण सोडेल? त्याची वसुली मागाहून होते आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाकडून होते, हे कुणी मनावर घेत नाही. मग भोंगा झाला की ही सवय डब्याबरोबर घरी येते, सभेला जाते, मुलांच्या शाळेत जाते.

कानसेनचंच पाहा ना.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी तो मागाच्या बाजूने नुसता चालत गेला तरी सांगायचा, "याचा धोटा घासतोय, दुपारी अडकणार." आणि दुपारी आडवं सूत नेणारा तो धोटा अडकायचा. तेव्हापासून तो कानसेन. खात्यात एखादा माग कुरकुरला की खात्याचा प्रमुख, म्हणजे मास्तर, त्यालाच बोलावणार. तो मागाभोवती फेरी मारणार, लाकडावर तळहात ठेवणार, मान तिरकी करून डोळे मिटणार आणि निदान सांगणार. पोरं हे बघायला आपापले माग सोडून यायची.

गंमत अशी की हल्ली त्याला मागाचा आवाज येतच नव्हता. उजवा कान कधीच रजेवर गेला होता, डावा हजेरीपुरता यायचा. बिघाड तो तळहाताला लागणाऱ्या हादऱ्यावरून ओळखायचा. मान तिरकी करणं हे लोकांसाठी होतं. हे गुपित त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. अर्थात बायकोला ते ठाऊक होतं. "भाजीत मीठ कमी आहे का?" असं विचारल्यावर जो नवरा "हो, उद्या आणतो" म्हणतो, त्याच्याबद्दल बायकोला वेगळं काय सांगायचं?

त्याच घरात त्याच्या सासूबाई राहत. त्याही गिरणीतल्याच, कताई खात्यातल्या. पण त्यांचं बहिरेपण म्हणजे उघडं दुकान. "ऐकू नाही आलं. तोंड इकडे कर आणि परत बोल!" वाण्याला, डॉक्टरला, पोस्टमनला एकच हुकूम. एकदा गिरणीच्या समारंभात मोठे साहेब भाषण करत होते, तर या पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "साहेब, तोंडासमोरचा कागद खाली घ्या, शब्द दिसत नाहीत." साहेबांनी कागद खाली घेतला. कानसेनला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि घरातलं सगळं बोलणं एकटीच्या वाट्याला आलं होतं, ती म्हणजे मुलगी. सकाळी उठली की सुरू, म्हणून घरच्यांनी तिचं नाव ठेवलं होतं टकळी. टकळी गिरणीत धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. कांड्या भरायच्या बायकांनी आणि मागावर बसायचं पुरुषांनी, अशी वाटणी होती. ती कुणी केली, असं विचारलं की लोक मान डोलावून म्हणत, "तसंच आहे ते." टकळीला माग हवा होता. एक म्हातारा विणकर निवृत्त झाला, माग रिकामा झाला. खात्यातल्या कुणाही विणकराने आपल्या घरातल्या एका माणसाचं नाव सुचवावं, मास्तरने चाचणी घ्यावी, असा रिवाज होता. कानसेनने टकळीचं नाव दिलं. हे त्याच्या नावावर जमा करायलाच हवं, कारण तोवर कुठल्याच बापाने हे केलं नव्हतं. चाचणीतलं कापड उजेडात धरून मास्तर म्हणाला, "हे तूच विणून दिलं नाहीस ना, कानसेन?" याहून मोठी शाबासकी कोणती? आता फक्त नाव जाहीर व्हायचं राहिलं होतं. हा माग हातचा गेला तर पुढची जागा कधी निघेल याचा भरवसा नव्हता.

नाव जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी जॉबर कानसेनच्या मागाजवळ आला. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. विणकरांत कुरबुर होती की आज एक पोरगी मागावर बसली, तर उद्या आपल्या पोरांनी कुठे जायचं? शिवाय जॉबरचा मेहुणा घरी बसून होता. जॉबर काही चोर नव्हता. बापाला विचारल्याशिवाय नाव खोडणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. विचारायची जागा मात्र त्याने अचूक निवडली: दोन मागांच्या मधोमध, ऐन धडधडाटात, चार माणसांच्या देखत.

"पोरीचं नाव मागं घेऊ का? लोक बोलतायत. चालेल ना तुम्हाला?"

कानसेनला ओठांवर दिसलं ते एवढं: पोरीचं नाव... माग... घेऊ का... चालेल ना? मधली फट त्याच्या मनाने भरून काढली. पोरीचं नाव मागावर घेऊ का! त्याने मान डोलावली. एकदा नाही, तीनदा. जॉबरच्या खांद्यावर थाप मारली, हसला. जॉबर बुचकळ्यात पडला. त्याने समजूत घालायला चार वाक्यं जुळवून आणली होती. ती तशीच राहिली. इतक्या आनंदाने पोरीचं नाव मागं घेणारा बाप त्याने आजवर पाहिला नव्हता.

पाळी सुटल्यावर कानसेन खाऊचा पुडा घेऊन घरी आला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. कान कामातून गेलेल्या या गावात बातम्या या कानाच्या त्या कानाला कशा होतात, हे एक कोडंच आहे.

टकळी ओट्यापाशी उभी होती. वळली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"बाबा, जॉबरनं विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात?"

'जॉबर' आणि 'हो' हे दोन शब्द कानसेनने वाचले. बाकीचं काय वाचायचं होतं? "हो तर! ताबडतोब!"

"विचारसुद्धा केला नाहीत?"

"त्यात विचार कसला? हसत हसत हो म्हटलं मी!"

"हसत?"

"मग काय रडत म्हणू? कधीची वाट बघत होतो मी या दिवसाची. विचार तुझ्या आईला."

"माझ्यावर ढकलू नका," आई म्हणाली. पण ती तवा घासत होती आणि तिची पाठ त्याच्याकडे होती.

टकळीने पुड्याला हात लावला नाही. काही न बोलता ती आत गेली. ओठ हलत नाहीत म्हणजे पोरगी गप्प आहे, हे कानसेनलाही कळलं. तो बायकोला म्हणाला, "बघ! आनंदानं वाचाच बसली पोरीची."

संध्याकाळी तो नदीकाठच्या रस्त्याने चहाच्या टपरीवर निघाला, आणि तिथपासून गोंधळ वाढत गेला. एक जुना विणकर आडवा आला, पाठ थोपटून म्हणाला, "शाबास! खात्याची लाज राखलीस." पोरीला माग मिळाला यात खात्याची लाज कशी राहिली? कानसेनने मान डोलावली. नळावर टकळीच्या खात्यातली एक बाई पाणी भरत होती. तिने त्याला बघून बादली बाजूला ओढली आणि ओठ आवळून काहीतरी म्हणाली. त्यात एक शब्द नक्की होता. पण 'बाप', 'माप' आणि 'पाप' हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. बाप म्हणाली तर बापाचं काय? पाप म्हणाली तर कुणाचं? माप म्हणाली असेल तर बादलीशी तरी संबंध लागतो. म्हणून त्याने माप धरलं आणि मान डोलावली. बाईने कपाळावर हात मारला.

टपरीपाशी जॉबरची बायको भेटली. तिने हातच जोडले. "भाऊजी, उपकार झाले तुमचे. माझा भाऊ मार्गी लागला."

हे मात्र त्याने अक्षर न् अक्षर वाचलं, कारण ती अगदी समोर उभी होती. वाचलं खरं, पण डोक्यात शिरेना. टकळीला माग मिळाला तर जॉबरचा मेहुणा कसा मार्गी लागतो? 'काय? कसं?' एवढं विचारलं असतं तरी सगळा गुंता तिथेच सुटला असता. शब्द जिभेवर आला होता. पण टपरीवर माणसं बसली होती. कानसेनने शब्द चहाबरोबर गिळला आणि... हो, तेच केलं. मान डोलावली!

घरी आला तर टकळी उंबऱ्याजवळ बसून एक ॲप्रन उसवत होती. पुढे कात्री आणि सूत ओढायचा आकडा ठेवायला खिसे असलेला विणकराचा ॲप्रन. आईने तो गेल्या आठवड्यात तिच्यासाठी शिवला होता.

"हे काय चाललंय हिचं?" त्याने बायकोला विचारलं. बायकोचं डोकं कपाटात होतं. ती तिथूनच काहीतरी म्हणाली. कानसेन म्हणाला, "बरं, बरं."

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ती काय म्हणाली?"

"कोण?"

"माझी लेक. आत्ता. सांगा बघू."

"हेच की... काही नाही, ठीक आहे म्हणाली."

"मलाही ऐकू आलं नाही. फरक एवढाच, की मी विचारणार आहे." आणि त्यांनी आवाज लावला, "ए! कपाटातून डोकं काढ आणि परत सांग!"

बायको वळली. दिवसभराचा राग तोंडावर होता, त्यामुळे शब्द स्वच्छ दिसत होते. "म्हटलं, पोरीनं मागाचा नाद सोडलाय! जिच्या बापानंच तिचं नाव मागं घेतलं, तिनं ॲप्रन घालून करायचं काय?"

"मागं?" कानसेन म्हणाला. "मागं कसं? मागावर! जॉबर म्हणाला, नाव मागावर घेऊ का..."

"मागं!" मायलेकी एकदम ओरडल्या.

"मागं!" सासूबाईंनीही ठोकून दिलं.

कानसेन मटकन खाली बसला. शाबासकी, बादली, जोडलेले हात, सगळ्यांची टोटल एकदम लागली. हसत हसत हो म्हटलं मी! हे तोच म्हणाला होता, तेही तिच्या तोंडावर!

"सकाळी जातो," तो म्हणाला. "सांगतो, विचार बदलला."

"असं का सांगायचं?" बायको म्हणाली. "ऐकू आलं नव्हतं असं सांगा."

"ते सोडून काहीही सांगतो."

"म्हणजे एका दिवसात दोन जिभांनी बोलणारा बाप चालेल," सासूबाई म्हणाल्या, "पण बहिरा बाप नको?"

"तुम्हाला काय जातंय? उद्या मला मागावरून काढतील. लोक ठोंब्या म्हणतील."

"मला म्हणतात ना! माझं काय झिजलं? अहो, कान तुम्ही जुगारात घालवलात का? कष्ट करता करता गेला तो. कष्टात गेलेल्या वस्तूची लाज वाटते आणि खोट्या मानेची वाटत नाही? मी बहिरी आहे, जावईबापू. तुम्ही नुसते बहिरे नाही, तुम्ही सोंगाडे आहात! बहिऱ्याला ओरडून सांगता येतं. ऐकल्याचं सोंग घेणाऱ्याला देवसुद्धा सांगू शकत नाही. आणि हो म्हणायला तुमचं काय गेलं? गेलं ते हिचं."

टकळी उठून त्याच्यासमोर येऊन बसली. सावकाश, ओठ मोकळे करून म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

त्याची मान हलायला लागली. सवयीने नव्हे. त्या दिवसात ती मान पहिल्यांदा खरं बोलत होती.

"मग मी इतकी वर्षं बोलतेय ते?"

"निम्मं वाचलं," तो म्हणाला. "निम्मं... डोलावलं."

"म्हणजे मैत्रिणींबरोबर सहलीला जायला हो म्हणाला होतात, ते?"

"कुठली सहल?"

टकळीला रडावं की हसावं कळेना. तिने दोन्ही केलं.

सकाळी पाळी सुरू झाली. रिकाम्या मागाजवळ मास्तर, जॉबर आणि जॉबरचा मेहुणा उभे होते. कांडीखात्याच्या दाराशी टकळी. कानसेन आपला माग सोडून खात्याच्या मधोमध आला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, "मास्तर, मला ऐकू येत नाही! काल मी न ऐकताच हो म्हटलं!"

मास्तरने मान डोलावली. जॉबरने मान डोलावली. मागांवरच्या विणकरांनी एकामागून एक माना डोलावल्या.

कानसेन गोंधळला. यांना आधीच ठाऊक होतं की काय? रागावले नाहीत? त्याने परत ओरडून सांगितलं. परत माना डोलल्या. एकाने तर अंगठाही दाखवला. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! यांच्यातल्या एकालाही ऐकू आलेलं नाही!

भिंतीवर सगळ्या खात्याचा मोठा खटका होता. मास्तरशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही, असा दंडक. कानसेन गेला आणि त्याने खटका पाडला.

पट्टे मंदावले, धोटे थांबले. खिडकीतून नदीचा आवाज आत आला. कित्येकांना तो कसला आवाज आहे हेच कळेना, ते छताकडे बघायला लागले.

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "जॉबर म्हणाला 'मागं', मी वाचलं 'मागावर'. माझ्या मुलीचं नाव मी मागं घेतलेलं नाही. घेणारही नाही."

"अहो, पण तुम्ही हसलात!" जॉबर म्हणाला.

"आनंदानं हसलो!"

"आणि मागांचं निदान करायचास ते?" मास्तरने विचारलं.

"हातानं."

"मग मान तिरकी?"

"ती शोभेला."

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "काय म्हणतोय तो?"

"मलापण नाही कळलं."

"मग मान का हलवलीस रे?"

"तू हलवलीस म्हणून!"

हशा पिकला. मास्तरही हसला, पण लगेच थांबला. त्यानेही मघाशी डोलावली होती. तो म्हणाला, "आता शांत आहे. ज्याला हरकत असेल त्यानं मोठ्यानं बोलावं. पोरगी मागावर नको, असं कुणाचं म्हणणं आहे?"

काल धडधडाटात ज्यांची कुरबुर चालली होती, त्यातले बहुतेक जण बुटांकडे बघू लागले. एक मात्र बोलला, "आमच्या पोरांनी मग कुठं जायचं?"

"काका, तुमच्या मुलीचंही नाव द्या की," टकळी दारातून म्हणाली. "ती माझ्याहून वेगानं कांड्या भरते. आणि या मेहुण्याची चाचणी घ्या माझ्या शेजारी. हा सरस ठरला तर मी आपणहून जाईन."

सगळे मेहुण्याकडे बघायला लागले. मेहुणा एक पाऊल मागे सरला. "मला मागाची भीती वाटते हो! दाजींनी विचारलं तेव्हा इथे एवढा गोंगाट होता... मला वाटलं, जेवायला येतोस का विचारतायत. मी मान डोलावली."

जॉबरने डोक्याला हात लावला.

टकळीला माग मिळाला. कानसेनला मात्र हे फुकट पडलं नाही. ज्याला धोक्याची घंटा ऐकू येत नाही त्याला फिरत्या पट्ट्यांमध्ये ठेवायचं नाही, असा नियम होता, आणि मास्तरने तो पाळला. कानसेन मागावरून कापड तपासायच्या टेबलावर गेला. मान कमी झाला. काही दिवस लोक त्याला ठोंब्याही म्हणाले. त्याला ते लागलं. लागलं नाही असं म्हटलं तर ते पुन्हा सोंगच होईल. पण त्या आठवड्यात आणखी कितीतरी विणकर दवाखान्यात कान दाखवून आले. टकळी कानात कापसाचे बोळे घालून मागावर बसू लागली. "बायकी सोंगं" म्हणून पोरं आधी हसली. मग एकेकाचे कान पांढरे दिसायला लागले. आता खात्यात काही महत्त्वाचं सांगितलं की ऐकणाऱ्याने ते आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं, अशी पद्धत पडली आहे. त्यात थोडा वेळ जातो. जाऊ द्या. न ऐकता दिलेल्या होकाराने त्याहून जास्त जातो.

वाचकहो, हा रोग गिरणीच्या गावापुरता आहे असं समजू नका. आपले कान शाबूत असतात, तरी कचेरीत, सभेत, डॉक्टरसमोर, लेकरांसमोर आपण न कळता हो म्हणतो. का? तर विचारलं की कमीपणा येतो! खरं म्हणजे समजलं नाही तर विचारणं ही माणसाची सगळ्यांत साधी प्रामाणिक गोष्ट आहे, आणि पोकळ होकार हे सगळ्यांत स्वस्त खोटं. त्याची किंमत आपण भरत नाही. आपल्या भरवशावर उभं असलेलं माणूस भरतं. म्हणून समजलं नाही, तर "परत सांगा" म्हणा. मोठ्यानं म्हणा.

पटलं असेल तर नुसती मान हलवू नका. काय पटलं, ते शेजारच्याला तोंडाने सांगून पाहा.